बाळाची फुप्फुसं ‘तयार नाहीत’ म्हणजे नेमकं काय?

बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं असतं. त्याला काचेच्या पेटीत ठेवलेलं असतं आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, ‘‘फुप्फुसं अजून तयार नाहीत, सरफॅक्टंट द्यावं लागेल.’’ नातेवाईक मान डोलावतात, पुढे आलेल्या कागदावर सही करतात. पण काय तयार नाही, हे बहुतेकांच्या लक्षात आलेलं नसतं. बाळाची छाती धपापतेय, ते थोडंफार रडतंयसुद्धा. फुप्फुसं तर जागेवर आहेत. मग कमी काय आहे?

कमी असतो तो फुप्फुसाच्या आतल्या बाजूचा एक थर, साध्या डोळ्यांना कधीच दिसणार नाही इतका पातळ. जगात साधारण दहा बाळांमागे एक बाळ 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मतं. 2020 साली अशी सुमारे 1 कोटी 34 लाख बाळं जन्मली. त्यातली जी फारच लवकर आलेली असतात, त्यांच्या श्वासाचा प्रश्न या थरापाशी येऊन अडतो.

फुप्फुस आतून ओलं असतं

श्वास घेणं म्हणजे हवा आत ओढणं, असं आपण धरून चालतो. पण हवेला आत यायला फारशी अडचण नसते. जोर लागतो तो फुप्फुस उघडायला.

श्वासनलिकेला आत फाटे फुटत जातात, फाट्यांना आणखी फाटे, आणि शेवटी येतात वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या. मोठ्या माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून त्या 30 ते 50 कोटी असतात. एकेकीचा व्यास सुमारे 0.2 मिलिमीटर. सगळ्या उलगडून पसरल्या तर साधारण 70 चौरस मीटर जागा व्यापतील. त्यांच्या भिंतीच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त. ऑक्सिजन इथूनच रक्तात जातो.

ही भिंत जिवंत पेशींची आहे, त्यामुळे ती कोरडी राहू शकत नाही. तिच्यावर आतून पाण्याचा पातळ थर असतोच. आणि पाणी जिथे हवेला भिडतं तिथे पृष्ठताण येतो. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून ओढणारं कुणी नसतं, म्हणून सगळा पृष्ठभाग आक्रसायला बघतो. या आक्रसण्याच्या ओढीला पृष्ठताण म्हणायचं.

पातळ प्लास्टिकची पिशवी धुतली आणि ती आतून ओली राहिली, की तिच्या दोन बाजू एकमेकींना अशा चिकटतात की नखं लावून सोडवाव्या लागतात. तीच पिशवी कोरडी असती तर फुंकरीनं उघडली असती. वायुकोश ही कायम ओली असलेली पिशवी आहे, आणि आपण ती मिनिटाला बारा-पंधरा वेळा उघडतो.

पिशवी जितकी लहान, तितकी हट्टी

इथे थोडं गणित येतं, पण एका ओळीचं. गोल पोकळी उघडी ठेवायला लागणारा दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. हा फ्रेंच गणिती लाप्लासच्या नावाने ओळखला जाणारा नियम. त्रिज्या खाली, भागाकारात आहे. म्हणजे पोकळी लहान होत गेली की दाब वाढत जातो.

वायुकोशात नुसतं पाणी असतं, तर 0.1 मिलिमीटर त्रिज्येचा कोश उघडा ठेवायला सुमारे 14 सेंटीमीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब लागला असता. श्वास सोडताना कोश लहान होतो. त्रिज्या अर्धी झाली तर हाच आकडा 28. आता खरी स्थिती बघा: शांत बसून श्वास घेताना छातीतल्या दाबात फरक पडतो तो जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचा. म्हणजे नुसत्या पाण्याशी झुंजायचं ठरवलं असतं, तर आपल्या छातीच्या स्नायूंनी संध्याकाळच्या आत हात टेकले असते.

दुसरी अडचण आणखी विचित्र आहे. शेजारी-शेजारी एक लहान आणि एक मोठा कोश असेल, तर लहानातला दाब जास्त. हवा लहानातून मोठ्यात जाणार, लहान मिटणार, मोठा फुगणार. (खऱ्या फुप्फुसात कोशांच्या भिंती सामाईक असतात, एक मिटायला लागला की शेजारचे त्याला थोडं ओढून धरतात. त्यामुळे पुस्तकात काढतात तसं चित्र तंतोतंत घडत नाही. पण धोका खरा आहे.)

सरफॅक्टंटची खरी करामत

सरफॅक्टंट म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसणारा आणि पृष्ठताण कमी करणारा पदार्थ. फुप्फुसातलं सरफॅक्टंट सुमारे 90 टक्के मेद आणि 10 टक्के प्रथिनं असं असतं. त्यातला मुख्य मेद डीपीपीसी. त्याच्या रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना आवडत नाही. त्यामुळे डोकी पाण्यात आणि शेपट्या हवेत, अशी ही सगळी मंडळी पृष्ठभागावर दाटीने उभी राहतात. पाण्याच्या रेणूंची आपसातली ओढ तिथे मोडते.

एवढंच असतं तर ते काम साबणानेही झालं असतं. वेगळेपण पुढे आहे. श्वास सोडला की कोश लहान होतो, पृष्ठभाग आखडतो, आणि हे रेणू एकमेकांना खेटतात. डीपीपीसीच्या दोन्ही शेपट्या सरळ असतात, त्यामुळे ते फार जवळ-जवळ बसू शकतात. शिवाय हा पदार्थ 41 अंश सेल्सिअसला मऊ पडतो आणि शरीर असतं 37 अंशांवर, म्हणजे दाटी झाली की त्याचा थर जवळपास घट्ट होतो. अशा वेळी पृष्ठताण जवळजवळ शून्यावर येतो. श्वास घेतला की कोश मोठा होतो, रेणू विरळ होतात, पृष्ठताण पुन्हा वाढतो.

आता लाप्लासच्या नियमाकडे परत जाऊ. कोश लहान झाला की दाब वाढायला हवा होता. पण नेमक्या त्याच वेळी पृष्ठताण त्याहून वेगाने घसरतो. मिटायला निघालेला कोश म्हणूनच उघडा राहतो, आणि फार फुगायला लागलेल्याला ताण परत आवरतो. मला विचाराल तर सगळ्या श्वसनशास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट हीच आहे: नियंत्रण करायला मेंदू नाही, मज्जातंतू नाही, फक्त रेणूंची दाटी.

ही दाटी मोडून रेणू पुन्हा चटकन पसरायला हवेत, कारण पुढचा श्वास चार-पाच सेकंदांत येणार असतो. हे काम बी आणि सी नावाची दोन प्रथिनं करतात. बी प्रथिन जन्मतःच तयार होत नसलेली बाळं पूर्ण दिवसांची असली तरी त्यांचा श्वास चालत नाही. ए आणि डी ही आणखी दोन प्रथिनं जंतूंना चिकटून त्यांना पकडून देतात, म्हणजे पहारा हे सरफॅक्टंटचं दुसरं काम.

आठवड्यांचा हिशेब

हा थर वायुकोशांच्या भिंतीतल्या काही पेशी बनवतात. त्यांना दुसऱ्या प्रकारच्या पेशी म्हणतात. संख्येने त्या भरपूर असतात, पण जागा व्यापतात जेमतेम पाच टक्के. पोटातल्या बाळात त्या 24 व्या आठवड्याच्या आसपास कामाला लागतात, पण पुरेसं सरफॅक्टंट जमायला 34-35 आठवडे उजाडतात. पोटात असेपर्यंत काही बिघडत नाही, कारण तिथे फुप्फुसं पाण्यानेच भरलेली असतात. हवा नाही, म्हणून पाणी आणि हवा भिडण्याची जागाच नाही.

जन्मल्यावर पहिला श्वास सगळ्यांनाच जड जातो. कोश पहिल्यांदा उघडायचे असतात, त्याला मोठा जोर लागतो. पूर्ण दिवसांच्या बाळाचा दुसरा-तिसरा श्वास हलका होत जातो, कारण उघडलेले कोश उघडेच राहतात. कमी दिवसांच्या बाळाचे कोश श्वास सोडला की पुन्हा मिटतात. ओली पिशवी प्रत्येक वेळी नव्याने सोडवायची. त्याचा प्रत्येक श्वास पहिल्यासारखाच.

अशा बाळाकडे नीट पाहिलं तर हे दिसतं. नाकपुड्या फुलतात, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, आणि श्वास सोडताना बाळ कण्हतं. ऐकणाऱ्याला वाटतं, त्याला दुखतंय. प्रत्यक्षात ते घशातली झडप अर्धवट मिटून हवा आत अडवून ठेवत असतं, कोश मिटू नयेत म्हणून. कुणी न शिकवता केलेला हा उपाय काही तास चालतो. मग बाळ थकतं. एक्स-रेमध्ये अशी फुप्फुसं दुधी काचेसारखी धुरकट दिसतात. आईला मधुमेह असेल तर सरफॅक्टंट तयार व्हायला उशीर होतो, आणि मुलींपेक्षा मुलग्यांना हा त्रास जास्त होतो.

सांगितलेलं कुणी ऐकलं नाही

1929 साली कुर्ट फॉन नीरगार्ड या संशोधकाने डुकराची फुप्फुसं आधी हवेने फुगवली, मग द्रवाने. द्रवाने ती कितीतरी कमी दाबात फुगली. आत द्रवच असेल तर हवेशी भिडणारा पृष्ठभाग उरत नाही. म्हणजे एरवी फुप्फुसाला आत ओढणारा जोर मुख्यतः पृष्ठताणाचा आहे, हे सिद्ध झालं. नवजात बाळाच्या श्वासाशी याचा संबंध असावा, असंही त्याने लिहून ठेवलं. पुढची पंचविसेक वर्षं त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

विषय पुन्हा उघडला तो युद्धखात्याच्या प्रयोगशाळांमध्ये. विषारी वायूंमुळे फुप्फुसात येणाऱ्या फेसाचा अभ्यास करताना ब्रिटनमध्ये रिचर्ड पॅटलला दिसलं, की या फेसाचे बुडबुडे फुटता फुटत नाहीत (1955). अमेरिकेत जॉन क्लेमेंट्सने 1957 मध्ये हा बदलता पृष्ठताण मोजून दाखवला. आणि 1959 मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी श्वास न चालल्याने दगावलेल्या बाळांची फुप्फुसं तपासली, तेव्हा त्यांत हाच पदार्थ नव्हता. तोपर्यंत डॉक्टर त्या फुप्फुसांत काय जास्तीचं साठलंय ते शोधत होते. एव्हरी यांनी काय नाही ते शोधलं.

कारण कळलं, पण इलाज लगेच सापडला नाही. 7 ऑगस्ट 1963 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे 2.1 किलो. आजच्या हिशेबाने हे फार लहान बाळ नव्हे. त्या काळचे सगळे उपाय हाताशी असूनही ते 39 तासच जगलं.

नुसता ऑक्सिजन देऊन भागत नाही का?

ही शंका रास्त आहे. पण मिटलेल्या कोशात ऑक्सिजन शिरणार कसा? तो बाहेर कितीही वाढवला तरी दार बंद आहे. उलट कमी दिवसांच्या बाळाला जास्त ऑक्सिजन दिला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते.

मग व्हेंटिलेटरने जोर लावून फुगवावं? तेही करावं लागतं, पण कोवळे कोश जोराने ताणले, मिटले, पुन्हा ताणले की फाटतात, सुजतात. 1971 मध्ये जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्त शहाणपणाचा मार्ग दाखवला: बाळाला स्वतःच श्वास घेऊ द्यायचा, फक्त श्वास सोडल्यावरही आत थोडा दाब टिकवून ठेवायचा. हाच सीपॅप. कण्हून बाळ जे करत होतं, तेच काम यंत्राने केलं. आजही नाकाला लावलेली ही छोटी नळी अशा बाळांच्या उपचारातली पहिली पायरी आहे, आणि ‘‘साधं नाकाला काहीतरी लावलंय, मोठं मशीन का नाही?’’ असं वाटून घेण्याचं कारण नाही.

बाहेरून सरफॅक्टंट देतात ते कुठलं?

डीपीपीसी हा मुख्य घटक कळल्यावर 1960 च्या दशकात त्याचाच फवारा बाळांना देऊन पाहिला गेला. उपयोग झाला नाही. मघाशी पाहिलं तसं, एकटं डीपीपीसी घट्ट असतं. प्रथिनांची साथ नसेल तर ते वेळेत पसरत नाही. 1980 मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसातून काढलेलं सरफॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत थेट सोडलं, आणि यश आलं. त्यानंतर डुकराच्या फुप्फुसापासूनही ते बनवलं गेलं. आज वापरली जाणारी बहुतेक औषधं या दोन प्राण्यांपासूनची आहेत. ज्यांना याबद्दल धार्मिक किंवा वैयक्तिक कारणाने विचारायचं असेल, त्यांनी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावं. घाईच्या वेळी ते सांगायचं राहून जातं.

औषध दिसायला पांढरंशुभ्र, पातळ दुधासारखं. बाटली फ्रिजमध्ये असते. द्यायच्या आधी नर्स ती हातात धरून ऊब देते, हलकेच फिरवते, पण जोरात हलवत नाही, कारण फेस झाला तर पंचाईत. मग बारीक नळीतून ते श्वासनलिकेत सोडायचं. वजनानुसार काही मिलिलिटर. नवख्या माणसाला धडकीच भरते, आधीच श्वास चालत नाही आणि आता फुप्फुसात द्रव ओतताहेत! पण पुष्कळदा काही मिनिटांतच ऑक्सिजनचं बटण खाली आणावं लागतं, इतक्या झपाट्याने कोश उघडतात. इतक्या लवकर परिणाम दाखवणारी औषधं थोडी. बाळाच्या स्वतःच्या पेशी काही दिवसांत कामाला लागतात. तोवर एखादा डोस पुरतो, कधी कधी पुन्हा द्यावा लागतो.

जन्माआधीच काही करता येतं का?

येतं, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत मोठा, पण सर्वांत कमी बोलला जाणारा भाग हाच आहे.

न्यूझीलंडमध्ये ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांवर प्रसूतीच्या कळा कशामुळे सुरू होतात याचा अभ्यास करत होते. पोटातल्या कोकरांना त्यांनी स्टेरॉइड दिलं. त्यातलं एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं की ते मेलेलंच असायला हवं होतं, पण ते जिवंत होतं. फुप्फुसं उघडून पाहिली तर त्यांत हवा होती. रॉस हॉवी यांच्यासोबत त्यांनी मग 282 मातांवर चाचणी घेतली आणि 1972 मध्ये निष्कर्ष छापले. मातेला इंजेक्शन दिलेल्या गटातल्या 9 टक्के बाळांना श्वासाचा हा आजार झाला. न दिलेल्या गटात 25.8 टक्के. स्टेरॉइड वारेतून बाळापर्यंत जातं आणि त्या पेशींना लवकर कामाला लावतं.

इतकं असूनही अमेरिकेत तज्ज्ञांच्या राष्ट्रीय बैठकीने त्याची सरसकट शिफारस करायला 1994 साल उजाडलं. मधली 22 वर्षं शंका काढण्यात गेली. ‘स्टेरॉइड’ म्हटलं की आजही घरचे दचकतात. पण हा एक-दोन दिवसांचा छोटा कोर्स असतो, 24 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान बाळंतपण होण्याची खरी शक्यता असेल तेव्हाचा. त्याचा पुरेपूर फायदा व्हायला साधारण एक दिवस लागतो. म्हणूनच लवकर कळा सुरू झाल्या तर ‘थोडं थांबून बघू’ म्हणत घरी बसण्यात जे तास जातात, ते फार महाग पडतात.

सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं नाही?

ही समजूत फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लिखाणातही ती सापडते. वर सांगितलेला आठवड्यांचा हिशेब तिच्या अगदी उलट आहे. प्रत्येक जास्तीच्या आठवड्यागणिक सरफॅक्टंट वाढत जातं, मधेच कमी होत नाही. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त तयार असतं.

याचीच दुसरी बाजू: वैद्यकीय कारण नसताना सोयीची तारीख धरून 39 आठवड्यांच्या आत सीझर केलं, तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. इथे फुप्फुसातलं पाणी पुरतं न ओसरणं हेही कारण असतं, फक्त सरफॅक्टंट नव्हे.

मग मोठ्या माणसांनाही का देत नाहीत?

न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, बुडण्याचे प्रसंग, गंभीर कोविड, या सगळ्यांत मोठ्यांचं सरफॅक्टंटही बिघडतं किंवा वाहून जातं. कोविडचा विषाणू तर ते बनवणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. त्यामुळे बाळांचं औषध मोठ्यांना देऊन पाहिलं गेलं, पण मृत्यू कमी झाल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. कारण उघड आहे. बाळात फक्त एक पदार्थ कमी असतो. मोठ्यांच्या आजारात कोशांची भिंत सुजून गळत असते, रक्तातली प्रथिनं आत झिरपतात, आणि बाहेरून दिलेल्या सरफॅक्टंटलाही ती निकामी करतात.

निरोगी माणसाला मात्र काहीच करावं लागत नाही. आपण दर काही मिनिटांनी नकळत एक मोठा श्वास घेतो, उसासा म्हणा. त्याने कोश ताणले जातात आणि पेशी ताजं सरफॅक्टंट सोडतात. पोटाच्या ऑपरेशननंतर दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, हे उसासे थांबतात, आणि फुप्फुसाच्या तळाचे कोश मिटायला लागतात. तीन रंगीत गोळ्या वर ओढायचं ते प्लास्टिकचं यंत्र पेशंटच्या हातात देतात ते यासाठी. ‘श्वासाचे व्यायाम करून सरफॅक्टंट वाढवा’ छापाच्या जाहिराती दिसल्या, तर खुशाल पुढे जा.

आणि जास्त झालं तर? तसाही एक दुर्मिळ आजार आहे. वापरलेलं सरफॅक्टंट साफ करणाऱ्या पेशी काम करेनाशा होतात, आणि ते कोशांत साचत जातं. त्यावरचा जुना आणि अजूनही चालणारा उपाय म्हणजे पेशंटला पूर्ण भूल द्यायची, एका फुप्फुसावर श्वास चालू ठेवायचा आणि दुसरं मिठाच्या पाण्याने धुऊन काढायचं. बाहेर येणारं पाणी सुरुवातीला दुधासारखं असतं. ते स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचं, आणि बहुधा नंतर दुसऱ्या फुप्फुसाची पाळी.